तोंडातील रक्तवाहिन्यांच्या गाठी आणि पेशींच्या खुणा : वाचकांचे प्रश्न

हिरडी, ओठ, जीभ आणि गालाच्या आतील अस्तरावर येणाऱ्या लाल-जांभळ्या गाठींच्या तपासणी-अहवालांविषयी अलीकडे बरीच पत्रे आली आहेत. त्यांतील निवडक पत्रांना येथे उत्तरे देत आहे. ज्यांची पत्रे घेता आली नाहीत, त्यांच्याही शंकांचा विचार यांत व्हावा असा प्रयत्न केला आहे.

प्रश्न : माझ्या सूनबाईंना सातव्या महिन्यात वरच्या हिरडीवर, पुढच्या दोन दातांच्या मध्ये लालभडक गाठ आली. ब्रश लागला की रक्त येत असे. बाळंतपणानंतरही ती राहिली, म्हणून दंतवैद्यांनी काढली आणि तपासायला पाठवली. अहवालात ‘लोब्युलर कॅपिलरी हिमॅन्जिओमा’ असे निदान असून खाली ‘सीडी-३१ आणि सीडी-३४ पॉझिटिव्ह’ असे लिहिले आहे. मुलाने मोबाइलवर शोधले, तेव्हा सीडी-३४ चा संबंध रक्ताच्या कर्करोगाशी निघाला. घरात सगळ्यांची झोप उडाली आहे. कृपया खरे काय ते सांगावे.
— एक वाचक भगिनी, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : ताई, सर्वांत आधी हे वाचा : आपण कळवलेले निदान कर्करोगाचे नाही. ही केशवाहिन्यांची साधी, सौम्य गाठ आहे. गरोदरपणात हिरडीवर अशी गाठ येणे दंतवैद्यांच्या नेहमीच्या पाहण्यातले आहे.

आता सीडी-३४ विषयी. हे एक प्रथिन आहे आणि ते शरीरात मुख्यतः दोन ठिकाणी आढळते. अस्थिमज्जेतील ज्या मूळ पेशींपासून रक्त तयार होते त्यांच्या पृष्ठभागावर ते असते, आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तराच्या पेशींवरही ते असते. रक्ताच्या कर्करोगात रक्ताचा किंवा मज्जेचा नमुना घेऊन त्यातील अपक्व पेशी ओळखण्यासाठी सीडी-३४ पाहतात, म्हणून आपल्या चिरंजीवांना मोबाइलवर ती माहिती दिसली. हिरडीच्या तुकड्यात मात्र तेच प्रथिन रक्तवाहिनीचे अस्तर कुठे आहे एवढेच दाखवते. आपल्या किंवा माझ्या निरोगी हिरडीचा तुकडा घेऊन हीच चाचणी केली, तरी त्यातील प्रत्येक केशवाहिनी सीडी-३४ पॉझिटिव्हच येईल. या चाचणीत ‘पॉझिटिव्ह’ याचा अर्थ ‘ते प्रथिन तेथे आहे’ इतकाच असतो. रोगाच्या चाचण्यांमुळे त्या शब्दाची जी धास्ती आपल्या मनात बसली आहे, ती येथे धरण्याचे कारण नाही.

मग ही चाचणी केलीच कशासाठी, असे आपण विचाराल. बहुतेक वेळा नेहमीच्या गुलाबी-निळ्या रंगाच्या काचपट्टीवरच हे निदान होते. परंतु गाठ कोवळी असते तेव्हा पेशी दाटीवाटीने वाढलेल्या असतात, त्यांचे विभाजन जोरात चालू असते आणि रक्तवाहिनीची पोकळी नीट उघडलेली नसते. अशा वेळी या पेशी खरोखर रक्तवाहिन्यांच्याच आहेत ना, याची खात्री करून घेणे हे तपासणाऱ्याच्या काळजीचे लक्षण आहे. प्रतिपिंड, म्हणजे अँटीबॉडी, विशिष्ट प्रथिनाला जाऊन चिकटते आणि त्या जागी तपकिरी रंग उमटतो. आपल्या सूनबाईंच्या गाठीसारख्या गाठीत सूक्ष्मदर्शकाखाली बारीक तपकिरी कडी शेजारी शेजारी, घोसाघोसाने दिसतात. त्याच गाठीच्या दुसऱ्या छेदावर एसएमए (आकुंचन पावणाऱ्या पेशींतील प्रथिन) ही खूण लावली, तर त्या प्रत्येक कड्याभोवती आधार देणाऱ्या पेशींचे आणखी एक कडे दिसते. अस्तराची कडी आतून आणि आधाराची कडी बाहेरून, ही शिस्त टिकलेली असणे हा मोठा दिलासा असतो, कारण रक्तवाहिन्यांच्या कर्करोगात ती मोडलेली असते.

तोंडातील अशा गाठींपैकी सुमारे तीन-चतुर्थांश हिरडीवरच येतात. गरोदरपणातील संप्रेरकांमुळे हिरडीच्या केशवाहिन्या वाढण्यास तयार असतात आणि दातावरचे किटण किंवा एखाद्या भरणीची खरखरीत कड त्यांना सतत डिवचत राहते. म्हणून गाठ काढल्यावरही त्या जागेचे किटण काढून घेतले नसेल, तर ती पुन्हा येऊ शकते. सूनबाईंचे दात स्वच्छ करून घ्या आणि ठरलेल्या तारखेला दाखवायला न्या.

प्रश्न : मी मुखविकृतिशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी आहे. तोंडातील रक्तवाहिन्यांची गाठ नेमक्या कोणत्या पेशीपासून उगम पावली, हे ठरवण्यासाठी सर्वांत भरवशाचा मार्कर कोणता? जुन्या पुस्तकांत फॅक्टर आठ आहे, वर्गात सीडी-३४ सांगितले जाते आणि सेमिनारमध्ये सगळे ईआरजी म्हणतात.
— एक विद्यार्थी, राजेंद्रनगर, इंदूर

उत्तर : तुमच्या प्रश्नात एक गृहीतक आहे आणि आधी त्याकडेच पाहिले पाहिजे. मार्कर, म्हणजे पेशीची खूण, पेशीचा उगम सांगतो असे आपण सहज बोलून जातो. वास्तविक ती पेशी आज कोणत्या प्रकारच्या पेशीसारखी वागत आहे, एवढेच तो सांगतो. इंदूरच्या मराठी माणसाची बोली ऐकून तो माळव्यात वाढला आहे हे लगेच कळते. त्याचे पणजोबा साताऱ्याहून आले की रत्नागिरीहून, हे त्या बोलीवरून ठरवता येत नाही. पेशींचेही तसेच आहे. प्रबंधात ‘उगम’ लिहिण्यापूर्वी हा फरक मनाशी पक्का करा.

याचे सर्वांत बोलके उदाहरण कापोसी सार्कोमाचे आहे. मोरित्झ कापोसी यांनी १८७२ मध्ये या आजाराचे वर्णन केले. त्यामागचा विषाणू, म्हणजे मानवी नागीण-कुलातील आठव्या क्रमांकाचा विषाणू, १९९४ मध्ये सापडला. एचआयव्ही झालेल्या रुग्णांमध्ये टाळूवर आणि हिरडीवर ही गाठ येते. तिच्या लांबट, टोकांना निमुळत्या पेशी सीडी-३१ आणि सीडी-३४ तर दाखवतातच, शिवाय डी२-४० सारखी लसीकावाहिनीची (ऊतींमधील लसीका, म्हणजे लिम्फ, वाहून नेणाऱ्या नलिकेची) खूणही दाखवतात. तेव्हा ती लसीकावाहिनीच्या पेशींपासूनच निघाली असा निष्कर्ष काढणे सोपे होते. पण २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की हा विषाणू रक्तवाहिनीच्या अस्तराच्या पेशीत शिरला की ती पेशी प्रॉक्स-१ सारखी लसीकावाहिनीची जनुके चालू करते. पेशी मुळात कोण होती हे त्या खुणेवरून उलगडत नाही. निदानासाठी मात्र त्या विषाणूचेच एलएएनए हे प्रथिन केंद्रकात ठिपक्यांसारखे तपकिरी दिसले, की प्रश्न सुटतो.

दुसरे उदाहरण हिमॅन्जिओपेरिसायटोमाचे. स्टाउट आणि मरे यांनी १९४२ मध्ये हे नाव दिले, कारण सांबराच्या शिंगांसारख्या फुटलेल्या रक्तवाहिन्यांभोवती असलेल्या पेशी पेरिसाइट, म्हणजे केशवाहिनीला बाहेरून बिलगून असणाऱ्या पेशी, असाव्यात असा त्यांचा कयास होता. गालाच्या अस्तरात आलेल्या अशा कितीतरी गाठी पुढे अनेक दशके याच नावाने नोंदल्या गेल्या. २०१३ मध्ये एनएबी-२ आणि स्टॅट-६ या जनुकांचे एकत्रीकरण सापडले, केंद्रकातील स्टॅट-६ ही खूण हाताशी आली आणि त्यांतील बऱ्याच गाठी सॉलिटरी फायब्रस ट्यूमर, म्हणजे तंतुपेशींसारख्या पेशींच्या गाठी, ठरल्या. त्या गाठी सीडी-३४ ला ठळक प्रतिसाद देतात, तरीही त्या रक्तवाहिनीच्या अस्तराच्या नाहीत. केवळ सीडी-३४ वर विसंबणाऱ्याची येथेच फसगत होते.

आता तुम्ही विचारलेल्या खुणांकडे वळू. फॅक्टर आठशी संबंधित प्रतिजन, म्हणजे फॉन विलेब्रांड फॅक्टर, अस्तराच्या पेशींतील ज्या लांबट कणांत साठवलेला असतो त्यांचे वर्णन वायबेल आणि पॅलाडे यांनी १९६४ मध्ये केले. ही खूण अस्तरासाठी चांगली नेमकी आहे, पण गाठ जितकी बिघडलेली, तितकी ती फिकी पडते; म्हणजे जेथे तिची खरी गरज असते, तेथेच ती साथ सोडते. शिवाय हा घटक रक्तद्रवातही असतो. तोंडातील नमुन्यात रक्तस्राव जवळजवळ नेहमीच असतो, त्यामुळे सगळी पार्श्वभूमी तपकिरी होऊन बसते. म्हणून आज एकट्या या खुणेवर निदान करू नये असे माझे स्पष्ट मत आहे.

सीडी-३४ संवेदनशील आहे, परंतु संयोजी ऊतीतील काही तंतुपेशी, मज्जातंतूंच्या गाठी आणि चरबीच्या काही गाठीसुद्धा तो दाखवतात. सीडी-३१ त्याहून नेमका आहे. त्याचा रंग पेशीपटलावर सलग रेषेसारखा उमटतो. त्यात फसगत होण्याची जागा मात्र वेगळी आहे. भक्षक पेशी आणि प्लाझ्मा पेशींवरही सीडी-३१ असतो. हिरडीची गाठ बहुधा व्रण पडलेली आणि सुजलेली असते, तेथे या पेशींची गर्दी असते आणि घाईने पाहणाऱ्याला ती गर्दीच गाठ वाटू शकते. अशा वेळी रंग रेषेसारखा सलग आहे की दाणेदार, हे मोठ्या भिंगाखाली पाहावे आणि सोबत सीडी-६८ लावून भक्षक पेशी वेगळ्या काढाव्यात.

ईआरजीविषयी तुमच्या सेमिनारमधील मंडळी योग्य बोलत आहेत. हे केंद्रकातील प्रथिन असल्याने रंग केंद्रकातच येतो, पार्श्वभूमी स्वच्छ राहते आणि शेजारच्या निरोगी केशवाहिनीचे केंद्रक आपोआप तुलनेला मिळते. ती केशवाहिनी रंगलेली नसेल, तर गाठीचा निकाल वाचूच नये. चाचणीच फसलेली आहे असे समजून ती पुन्हा करावी. ईआरजीलाही अपवाद आहेत : प्रोस्टेटच्या कर्करोगांचा मोठा गट तो दाखवतो, आणि वृद्ध पुरुषाच्या जबड्यात दुसरीकडून पसरलेली गाठ असू शकते, हे विसरू नये.

लसीकावाहिन्यांसाठी डी२-४० वापरतात, ज्याचे लक्ष्य पोडोप्लॅनिन हे प्रथिन आहे. जिभेवर बेडकाच्या अंड्यांसारखे पारदर्शक फोड दिसणाऱ्या लसीकावाहिन्यांच्या विकृतीत तो उपयोगी पडतो. परंतु तोंडाच्या अस्तराच्या सर्वांत खालच्या थरातील पेशी आणि अमेलोब्लास्टोमाच्या (दात घडवणाऱ्या ऊतीपासून जबड्यात येणाऱ्या गाठीच्या) पेशीही तो रंगवतो. त्यामुळे वरच्या अस्तराखाली तपकिरी पट्टा दिसला, तर त्यात गाठीचा दोष नसतो. ग्लोमस गाठीत याच्या उलट चित्र असते : एसएमए ठळक, सीडी-३१ नाही. तेथे वाढलेली पेशी अस्तराची नसून भिंतीतील आकुंचन पावणारी आहे, असा त्याचा अर्थ.

आपल्या भागासाठी मला विशेष कळकळीने सांगावेसे वाटते ते असे. माळव्यात तंबाखू आणि गुटख्यामुळे तोंडाचे कर्करोग इतके येतात, की गालातील किंवा हिरडीवरील घातक गाठीत केराटिन (त्वचेच्या आणि तोंडाच्या वरच्या थरातील पेशींचे प्रथिन) पॉझिटिव्ह दिसले की हात आपोआप ‘कार्सिनोमा’, म्हणजे त्या थराचा कर्करोग, लिहू लागतो. पण एपिथेलिऑइड प्रकारचा (त्या थरातील पेशींसारख्या दिसणाऱ्या पेशींचा) अँजिओसार्कोमा, म्हणजे रक्तवाहिन्यांचा कर्करोग, हाही केराटिन दाखवू शकतो. पेशींमध्ये रक्ताने भरलेल्या फटी असतील, पेशीच्या पोटात पोकळी आणि त्या पोकळीत लाल रक्तपेशी दिसत असेल, तर केराटिनवर थांबू नका. ईआरजी आणि सीडी-३१ लावा. दोन्ही आजारांचे उपचार वेगळे आहेत आणि ही चूक रुग्णाला महागात पडते. याच कुळातील एपिथेलिऑइड हिमॅन्जिओएन्डोथेलिओमासाठी आता कॅम्टा-१ ही केंद्रकातील खूण उपलब्ध आहे. तिच्या मागचे जनुकीय एकत्रीकरण २०११ मध्ये उघडकीस आले.

म्हणून ‘सर्वांत भरवशाचा एक’ असे उत्तर मी देणार नाही. ईआरजी आणि सीडी-३१ एकत्र घ्यावेत, लसीकावाहिनीची शंका असल्यास डी२-४० जोडावा, भिंतीची शिस्त पाहण्यासाठी एसएमए घ्यावा आणि गाठ घातक वाटल्यास केराटिन न विसरता लावावे. तेही साध्या रंगाची काचपट्टी शांतपणे पाहून, मनाशी दोन-तीन शक्यता ठरवल्यानंतर. शक्यता न ठरवता मागवलेल्या दहा खुणांपेक्षा विचारपूर्वक मागवलेल्या तीन अधिक सांगतात, आणि त्यांचा खर्च रुग्णाच्या खिशातून जातो.

प्रश्न : माझी नात चार महिन्यांची आहे. तिच्या जन्माच्या वेळी खालच्या ओठावर काही नव्हते. तीन आठवड्यांनी लाल ठिपका दिसला आणि आता तो पिकल्या स्ट्रॉबेरीएवढा झाला आहे. बालरोगतज्ज्ञ औषध सुरू करू म्हणतात. एका नातेवाइकांचे म्हणणे, आधी तुकडा काढून ग्लूट-१ नावाची तपासणी करा. आम्ही काय करावे?
— एक आजोबा, महू

उत्तर : आपण सांगितलेला इतिहासच बरेच काही सांगतो. जन्मानंतर काही आठवड्यांनी दिसणे आणि पहिल्या महिन्यांत झपाट्याने वाढणे ही शैशवातील हिमॅन्जिओमाची चाल आहे. जन्मतःच असलेल्या रक्तवाहिन्यांच्या विकृती मुलाबरोबर वाढतात आणि आपणहून ओसरत नाहीत. हा भेद मलिकेन आणि ग्लोवाकी यांनी १९८२ मध्ये मांडला आणि आजचे वर्गीकरण त्याच पायावर उभे आहे.

ग्लूट-१ हे ग्लुकोज पेशीत नेणारे प्रथिन आहे. शैशवातील हिमॅन्जिओमाच्या अस्तराच्या पेशी ते दाखवतात, मग गाठ वाढीची असो वा ओसरण्याची. विकृती, हिरडीची ती केशवाहिन्यांची गाठ आणि जन्मतःच पूर्ण वाढलेले हिमॅन्जिओमा ते दाखवत नाहीत. हे २००० मध्ये दाखवले गेले आणि त्याने या क्षेत्रातील कितीतरी गोंधळ मिटवला. गर्भवेष्टनाच्या, म्हणजे वारेच्या, रक्तवाहिन्यांतही ही खूण असते, त्यामुळे या गाठीचा उगम तेथे असावा असा एक विचार पुढे आला. तो अजून विचारच आहे. खूण वाचतानाही सावध राहावे लागते, कारण लाल रक्तपेशीही ग्लूट-१ दाखवतात. पोकळीत साठलेले रक्त तपकिरी दिसते. पाहायचे असते ते पोकळीच्या काठावरचे अस्तर.

तथापि आपल्या नातीसाठी तुकडा काढण्याची गरज बहुधा पडणार नाही. ओठावरची अशी गाठ पाहून आणि इतिहास ऐकून तज्ज्ञ निदान करतात. शंका असल्यास सोनोग्राफी करतात. तुकडा काढला तर रक्तस्राव आणि ओठावर व्रण हे धोके आहेत, म्हणून गाठीची वागणूक अनपेक्षित असेल तेव्हाच तो निर्णय घेतला जातो. औषध म्हणून हल्ली प्रोप्रॅनोलॉल देतात. त्याचा हा उपयोग २००८ मध्ये लक्षात आला. ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावे आणि दूध पाजल्यावर द्यावे, कारण उपाशीपोटी बाळाची साखर उतरू शकते. बाळ दूध पीत नसेल किंवा उलट्या होत असतील, तर त्या वेळचा डोस देण्याआधी डॉक्टरांना फोन करा. ओठावर जखम झाली तर थांबू नका, लगेच दाखवा.

प्रश्न : माझा देवासला दवाखाना आहे. अशा गाठींचे नमुने मी इंदूरला पाठवतो. पुढे आयएचसी (प्रतिपिंडांनी पेशींच्या खुणा रंगवण्याची चाचणी) करावी लागली, तर नमुना पाठवताना कोणती काळजी घ्यावी?
— एक दंतवैद्य, देवास

उत्तर : गाठ काढण्याआधीची काळजी पहिली. जबड्याच्या हाडातून आलेली, हाताला धडधडणारी किंवा दात हलवताच भरभरून रक्त देणारी गाठ दवाखान्यात कापू नका. आधी एक्स-रे किंवा स्कॅनसारखे चित्रण करून घ्या. अशा रुग्णाचा दात काढणेसुद्धा जिवावर बेतू शकते.

नमुना दहा टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिनमध्ये, नमुन्याच्या सुमारे दहापट द्रवात बुडवून पाठवा. देवास, धार, खरगोनहून कधी कधी सलाइनमध्ये किंवा स्पिरिटमध्ये ठेवलेले नमुने येतात. सलाइनमध्ये ऊती कुजू लागते आणि स्पिरिटमध्ये ती आक्रसते, शिवाय काही प्रतिपिंडे तेथे नीट चिकटत नाहीत. फॉर्मलिनमध्ये सहा ते बहात्तर तास हा चांगला काळ समजला जातो. शुक्रवारी काढलेला तुकडा सोमवारपर्यंत चालतो, पण कपाटात महिनाभर विसरलेला तुकडा पुष्कळ खुणा गमावून बसतो. लेसर किंवा कॉटरीने काढलेल्या गाठीची कड जळलेली असते आणि जळलेल्या पेशींवर कोणतीच खूण विश्वासार्ह नसते, म्हणून शक्य असेल तेथे तुकडा सुरीने घ्या आणि चिमटा कडेलाच लावा.

एकदा मेणाचा ब्लॉक झाला की तो वर्षानुवर्षे टिकतो आणि तीन-चार मायक्रॉन जाडीचे नवे छेद काढून पुढच्या चाचण्या त्यावरच होतात. आयएचसीसाठी रुग्णाला पुन्हा टेबलावर घ्यावे लागत नाही, हे त्याला आधीच सांगा. अनेकांची भीती तेवढ्यानेच कमी होते. रुग्णाने दुसरे मत घ्यायचे ठरवले, तर अहवालासोबत ब्लॉकही मागून घ्यावा, केवळ काचपट्टी नव्हे.

सोबतच्या कागदावर वय, गरोदरपण, गाठ कधी दिसली, दाबल्यावर ती फिकी पडते का, पूर्वी त्या जागी किरणोपचार झाले होते का आणि एचआयव्हीची स्थिती माहीत असल्यास ती, एवढे लिहा. कोणती खूण मागवायची हे तपासणारा त्यावरूनच ठरवतो. आणि रुग्णाचे नाव व नमुन्याची जागा बाटलीच्या अंगावर लिहा, झाकणावर नव्हे, कारण प्रयोगशाळेत झाकणे काढून बाजूला ठेवली जातात.